पिंपळे सौदागरचे सात एकर

पिंपळे सौदागर म्हटलं की आज उंच इमारती आठवतात, मॉल आठवतात, सकाळी हिंजवडीकडे लागलेली गाड्यांची रांग आठवते. साधारण एकशे दहा वर्षांपूर्वी याच गावात पुण्याच्या शेतकी कॉलेजातली काही माणसं शेतोशेती आणि घरोघरी फिरून नोंदी करत होती. कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन त्यांचे प्रमुख होते, आणि सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे असे सहकारी होते. १९१७ साली मुंबई विद्यापीठाने ही गावपाहणी पुस्तकरूपाने छापली. भारतातल्या एकाच गावाचा इतक्या बारकाईने केलेला अभ्यास तोवर क्वचितच झाला होता.

मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेता येतो, खत घालून आणि न घालता दोन कुंड्या शेजारी ठेवता येतात. गावाचं तसं करता येत नाही. इंग्रजी राज्य आलं नसतं तर गाव कसं असतं, हे पाहायला दुसरं पिंपळे कुठून आणायचं? समाजशास्त्रांची मुख्य अडचण हीच आहे, आणि या मंडळींनी तिच्यातून काढलेली वाट मला फार आवडते. त्यांनी जुने दप्तर उघडलं. गावच्या कागदपत्रांत पेशवाईपासूनच्या जमिनीच्या नोंदी होत्या. दुसरं गाव मिळत नव्हतं, म्हणून त्याच गावाची जुनी अवस्था तुलनेला घेतली.

आकडे बोलके निघाले. १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ पर्यंत अवघे ७ एकर. पण सरासरीवर विसंबून राहिलं की फसगत होते. एकाकडे तीस एकर आणि चौघांकडे सव्वा-सव्वा एकर असली, तरी सरासरी सातच येते! म्हणून त्यांनी खाती आकारानुसार वेगळी मांडली. तेव्हा दिसलं की ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आतली होती आणि ६० टक्के पाच एकरांच्याही आतली. शिवाय ही जमीन सलग नव्हती. एक पट्टी इथे, दुसरी ओढ्यापलीकडे, अशी विखुरलेली.

पुढचा टप्पा घराच्या जमाखर्चाचा, आणि तो जास्त अवघड. गावात पाहणी केलेल्या कुणालाही माहीत असतं की ‘वर्षाला किती मिळतं?’ या प्रश्नाला खरं उत्तर सहसा येत नाही. सारा वाढेल ही भीती असते, सावकाराची असते, भाऊबंदांची असते. रोख रकमेचा हिशेब मुळात कुणी ठेवलेलाच नसतो. म्हणून जाणकार आडून विचारतो: ज्वारी किती पोती झाली, घरात खाणारी तोंडं किती, बैल कधी घेतला, लग्नाला पैसे कुठून आणले. चार उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली की खरा आकडा हळूहळू वर येतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, ओट्यावर बसून येतं.

पिंपळ्यातल्या कुटुंबांचे मॅन यांनी तीन गट केले: शेतीवर भागणारी, बाहेरच्या मजुरीच्या आधाराने भागवणारी आणि कशानेही न भागणारी. तिसरा गट सर्वांत मोठा होता. पण पिंपळे पुण्याजवळचं. एका गावावरून दख्खनबद्दल किती बोलायचं? म्हणून पुढे कानिटकरांबरोबर त्यांनी कोरडवाहू भागातलं जातेगाव बुद्रुक निवडलं. तो अभ्यास १९२१ साली आला, आणि तिथलं चित्र अधिक बिकट होतं.

दरम्यान कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या एका तरुण अर्थतज्ज्ञाने १९१८ मध्ये मॅन यांची मांडणी तपासायला घेतली. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवरच्या त्यांच्या निबंधात आकड्यांशी भांडण नाही, त्या आकड्यांना विचारलेल्या प्रश्नाशी आहे. मॅन आणि इतर तज्ज्ञ विचारत होते की कुटुंबाचं पोट भरायला किती जमीन लागते. आंबेडकरांचं म्हणणं होतं की शेत हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा त्याचं माप पोटावरून घेऊ नये. जमीन, श्रम आणि भांडवल यांचं प्रमाण जमतं का, ते पाहावं. बैल आणि अवजारंच अपुरी असतील तर जमीन वाढवून काय होणार? आणि तुकडे का पडतात? वारसाहक्काचा कायदा सगळ्यांना दिसत होता. आंबेडकरांना त्यामागे शेतीखेरीज दुसरं कामच नसलेली माणसं दिसली. ती जमिनीला धरून बसतात, कारण सोडून जायला जागा नाही. त्यामुळे शेतीच्या दुखण्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता उद्योगधंद्यांची वाढ.

आजही आपल्या अनेक चर्चा याच ठिकाणी अडकतात. आकडा दोघांनाही मान्य असतो, पण तो कशाचा परिणाम आहे यावर मतं फुटतात, आणि त्यावरून उपाय पार बदलतो. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमिनीचे तुकडे पडणं थांबवू पाहणारं, लहान खातेदारांसंबंधीचं विधेयक आलं, तेव्हा आंबेडकर त्याच्या विरोधात उभे राहिले. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झालाच. पिंपळ्याच्या शिवारातली शेती तर इमारतींखाली गेली आणि माणसं दुसऱ्या कामाला लागली. जातेगावच्या बांधांवर मात्र वाटणीचा प्रश्न अजून तसाच निघतो.