मिनीजॉब आणि टाइलत्साइट: तास सोडा, विमा बघा

जर्मनीतल्या मराठी आयांमध्ये हा प्रश्न सतत निघतो: "मूल किटात (पाळणाघरात) रुळलं, आता पार्टटाइम शोधू की मिनीजॉब?" आणि उत्तरही ठरलेलं: "एकच गं, मिनीजॉबला तास कमी, एवढंच." या उत्तरावर विसंबून कितीतरी जणी वर्षानुवर्षं अडकून पडतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

मिनीजॉब बहुतेकींना पाठ आहे. २०२५ मध्ये कमाईची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती, म्हणजे तेव्हाच्या तासाला १२.८२ युरोंच्या किमान वेतनाने आठवड्याला साधारण दहा तास, आणि पगार जवळजवळ सगळा हातात. टाइलत्साइट म्हणजे पूर्णवेळापेक्षा कमी तासांची कुठलीही नोकरी, मग ती १५ तासांची असो की ३०. कामगार कायद्याच्या नजरेत मिनीजॉबही टाइलत्साइटच आहे. त्यामुळे भरपगारी रजा, नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार, नोटीस, हे सगळं तिथेही लागू होतं. "मिनीजॉबला सुट्ट्या नसतात" असं मालक सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. आणि आपल्यातलीच कोणी तेच सांगते तेव्हा मला जास्त राग येतो.

पाय घसरतो तो विम्यापाशी. सकाळी अकराला किटातून फोन येतो: ताप आहे, घेऊन जा. पुढचे तीन दिवस घरी. आठवड्याला १५ तास काम करून मिनीजॉबच्या मर्यादेच्या वर कमावणारी आई सरकारी क्रांकेनकासेत (आरोग्य विमा संस्थेत) स्वतःच्या नावाने असते. ती मुलांच्या डॉक्टरचा दाखला कासेला पाठवते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे साधारण ९० टक्के कासे तिला देते. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर २०२५ मध्ये प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस असे मिळतात. फक्त मिनीजॉब करणारीला घरी थांबता येतं, पण कासेकडून छदामही मिळत नाही. तिचा मालक कासेत १३ टक्के भरतो खरा, पण त्यातून तिचा स्वतःचा विमा उभा राहत नाही. ती राहते नवऱ्याच्या विम्यावर.

हेच पुढे वाढत जातं. तिचं स्वतःचं दुखणं सहा आठवड्यांपलीकडे लांबलं तर कासेचा आजारपण भत्ता नाही. नोकरी गेली तर बेकारी भत्ता नाही, कारण त्यासाठी ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला लागतो आणि मिनीजॉबचे महिने त्यात धरत नाहीत. पेन्शनमध्ये तिचा वाटा ३.६ टक्के, म्हणजे ५५६ वर महिन्याला वीस युरो. रुजू होतानाच्या फॉर्मवर "मला यातून सूट हवी" असा अर्ज असतो, आणि वीस युरो वाचतात म्हणून तो डोळे मिटून भरला जातो. तो भरू नका.

माझं मत स्पष्ट आहे: घरात लहान मूल असेल तर मिनीजॉबच्या मर्यादेची रेषा ओलांडा. त्यापुढे २,००० युरोंपर्यंत मिडीजॉब. त्यात तुमची कपात सवलतीची आणि विम्याचं संरक्षण मात्र पुरेपूर.

"पण टॅक्स क्लास ५ मध्ये सगळं कापलं जातं!" हा आक्षेप खरा आहे, आणि याच भीतीने बायका मिनीजॉबला चिकटून राहतात. नवरा-बायकोत एकाने क्लास ३ घेतला की त्याचा कर कमी कापला जातो आणि दुसऱ्याचा क्लास ५ मध्ये जास्त. पण ३ आणि ५ ही जोडी सक्तीची नाही. दोघांनी ४ आणि ४ घ्या. वर्षाचा एकत्र हिशेब झाला की दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. मुख्य म्हणजे बेकारी भत्ता तुमच्या निव्वळ पगारावर ठरतो, त्यामुळे क्लास ५ मध्ये तो घटतो.

टाइलत्साइटमध्ये एक फट आहे: पूर्णवेळातून एकदा खाली आलं की परत वर जायची हमी नसते. त्यावर २०१९ पासून ब्र्युकनटाइलत्साइट आहे. एक ते पाच वर्षं तास कमी, नंतर आपोआप पूर्वीचे तास. अट अशी की कंपनीत ४५ हून जास्त माणसं हवीत आणि तुमची नोकरी सहा महिन्यांहून जुनी हवी. अर्ज तीन महिने आधी करायचा, ईमेल चालतो, आणि किती तास व कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते त्यातच लिहायचं. शेवटची तारीख लिहायला विसरलात तर तो साध्या टाइलत्साइटचा अर्ज धरला जाऊ शकतो.