जावा ॲप्लिकेशन सर्व्हरचे दूरस्थ निरीक्षण व व्यवस्थापन

चालू जावा सर्व्हर बंद न करता, दुसऱ्या ठिकाणी बसून त्याची मेमरी, थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), डेटाबेस कनेक्शन तपासणे आणि गरज पडल्यास त्याच्या सेटिंग बदलणे म्हणजे दूरस्थ निरीक्षण व व्यवस्थापन. उदाहरण सोलापूरचेच घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या एखाद्या कारखान्याची ऑर्डर, सुताचा साठा आणि बिले टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालतात. टॉमकॅट मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर असतो आणि सांभाळणारा माणूस सोलापुरात. सर्व्हर अडला की ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो. अशा वेळी मुंबईला जायला सवड नसते. जे करायचे ते इथूनच.

याचा पाया म्हणजे जेएमएक्स (जावा मॅनेजमेंट एक्स्टेन्शन्स), चालू जावा प्रोग्रॅमच्या आतले बघण्या-बदलण्याची सोय. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून ही सोय जावातच आहे. सर्व्हरचा प्रत्येक महत्त्वाचा भाग 'एमबीन' म्हणून नोंदलेला असतो. त्यातली काही मूल्ये नुसती वाचता येतात, काही बदलताही येतात, शिवाय काही क्रिया थेट चालवता येतात. हे सगळे पडद्यावर दाखवणारे जेकन्सोल हे साधन जेडीके, म्हणजे जावाच्या विकास-संचासोबतच मिळते. तशाच कामाचे व्हिज्युअलव्हीएम मात्र जावा ९ पासून वेगळे डाउनलोड करावे लागते.

हीप मेमरीचा, म्हणजे प्रोग्रॅमचा डेटा राहतो त्या जागेचा, आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: वापर चढत जातो, गार्बेज कलेक्शन (नको असलेल्या डेटाची सफाई) झाले की खाली येतो. नवखा माणूस वरची टोके बघून घाबरतो. बघायचे असते ते खालच्या टोकांकडे. मोठ्या कलेक्शननंतरही ती दरवेळी आधीपेक्षा वर राहू लागली, तर कुठेतरी मेमरी अडकून पडते आहे असे समजावे. थ्रेडचेही तसेच. टॉमकॅटमध्ये मूळ मर्यादा २०० थ्रेडची असते. ते सगळे व्यस्त झाले की नवी विनंती ताटकळते, आणि थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतो आहे याची नोंद) घेतला की बऱ्याचदा सगळे एकाच डेटाबेस कनेक्शनची वाट बघत बसलेले सापडतात. म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी थ्रेड डंप घ्यावाच. रीस्टार्टने तक्रार तेवढ्यापुरती मिटते, पुरावाही पुसला जातो.

प्रत्यक्ष जोडणीत सर्वांत जास्त वेळ जातो तो पोर्टमध्ये, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारांमध्ये. जेएमएक्सची नेहमीची जोडणी आरएमआयवर, म्हणजे जावाच्या दूरस्थ संवादाच्या पद्धतीवर, चालते आणि तिला दोन पोर्ट लागतात. ठरवून दिलेला पोर्ट फायरवॉलमध्ये उघडला तरी दुसरा जावा स्वतःच कुठलाही निवडते, आणि जोडणी तिथेच लटकते. जावा ७ च्या चौथ्या अपडेटपासून हा दुसरा पोर्टही ठरवता येतो. दोन्हींसाठी एकच आकडा दिला तरी चालतो. दुसरी अडचण पत्त्याची. सर्व्हर कधीकधी आपला आतला खासगी आयपी कळवतो, आणि सोलापूरचा संगणक त्या न पोचणाऱ्या पत्त्यावर हाका मारत राहतो. आरएमआयचे होस्टनेम स्पष्ट लिहून दिले की हे थांबते.

पासवर्ड आणि एसएसएल (जोडणीचे सांकेतिकीकरण) दोन्ही बंद ठेवून जेएमएक्सचा पोर्ट इंटरनेटवर उघडणे हा गंभीर धोका आहे. असा पोर्ट सापडला तर परका माणूस त्यातून आपला कोड सर्व्हरवर चालवू शकतो. पोर्ट बाहेर न उघडता एसएसएच बोगद्यातून, म्हणजे सर्व्हरशी असलेल्या सांकेतिक जोडणीतून, जाणे हा सुरक्षित मार्ग. वापरकर्त्यांना फक्त वाचण्याचा किंवा वाचण्या-बदलण्याचा, असे वेगळे अधिकार देता येतात. कारखान्याच्या कार्यालयाला पहिला पुरतो. पासवर्डची फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता येत असेल, तर जावा सुरूच व्हायला नकार देते, आणि ते योग्यच आहे.

रोज आलेखासमोर बसणे शक्य नसते. त्यासाठी प्रोमिथियस या निरीक्षण-प्रणालीचा जेएमएक्स एक्स्पोर्टर आकडे गोळा करतो आणि मर्यादा ओलांडल्यावर मोबाइलवर सूचना पाठवण्याची व्यवस्था करता येते. एचटीटीपीवरूनच काम भागवायचे असेल तर जेएमएक्सचे आकडे एचटीटीपीवर देणारे जोलोकिया सोयीचे.

हीप डंप, म्हणजे हीप मेमरीची पूर्ण प्रत, मात्र कामाच्या वेळेत घेऊ नये. तो घेताना ॲप्लिकेशन थांबते, फाइल हीपच्या आकाराची होऊ शकते आणि ती आपल्या संगणकावर नव्हे, सर्व्हरच्या डिस्कवर तयार होते. डिस्कवर जागा आहे का ते आधी बघावे. त्या फाइलमध्ये ग्राहकांची माहिती आणि पासवर्डही जसेच्या तसे असू शकतात, त्यामुळे ती ईमेलने पाठवू नये आणि काम होताच सर्व्हर आणि आपला संगणक, दोन्हीकडून पुसावी.