एक स्फोट, दोन हादरे

परवा भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. विषय अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचा. १९ एप्रिल १९९५ ला सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी तिथल्या 'मरा' नावाच्या सरकारी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला. १६८ माणसं गेली, त्यांत १९ लेकरं. अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेला तिमथी मॅकव्हे दोषी ठरला. व्हिडिओवाला सांगत होता, की भूकंपमापकावर दहा सेकंदांच्या अंतरानं दोन हादरे उमटलेत, म्हणजे स्फोटही दोन. दुसरा बॉम्ब इमारतीच्या आत होता आणि सरकारनं ते दडपलं. भाचा म्हणाला, "मामा, मशीन कशाला खोटं बोलंल?"

मशीन खरंच बोललं. तिथून २६ किलोमीटरवर, नॉर्मन या गावाजवळच्या नोंदीत लहरींचे दोन गट स्पष्ट आहेत. चुकला तो पुढचा हिशोब.

ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. आम्ही लातुरात, किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवर. आधी मांडणीवरच्या पितळी ताटल्या किणकिणल्या. मांजर शिरलं असं वाटून आई उठून बसली, आणि मग घर हललं. भूकंप एकच, पण आमच्यापर्यंत तो दोनदा आला. खडक दाबत-ताणत जाणारी प्राथमिक लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, खडक आडवा हलवणारी दुय्यम लहर साडेतीन. चाळीस किलोमीटरला पहिलीला पावणेसात सेकंद लागतात, दुसरीला साडेअकरा. मधले पाचेक सेकंद म्हणजे आईचं ते उठून बसणं.

ओक्लाहोमातल्या लहरी या दोन नव्हेत. त्या जमिनीच्या वरच्या थरांतून पसरणाऱ्या. पण तत्त्व तेच. लांब लहर खोलपर्यंत पोचते. तिथला खडक घट्ट असतो, म्हणून ती पुढं निघते. आखूड लहर वरच्या मऊ थरात रेंगाळते. समजा, एका गटाचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर आणि दुसऱ्याचा सव्वाएक. २६ किलोमीटरवर पहिला १३ सेकंदांत पोचेल, दुसरा २१ सेकंदांत. स्फोट एकच, आणि कागदावर दोन गट.

हे पटवायला नुसता तर्क पुरत नाही, पुरावा लागतो. आणि इथं तो मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं. स्फोट खरंच दोन असतील, तर त्यांतलं अंतर जवळच्या आणि लांबच्या यंत्रावर जवळपास सारखंच राहील. लहरींच्या वेगातल्या फरकामुळं पडलेलं अंतर मात्र जितकं लांब जावं तितकं वाढतं. शिवाय २३ मे १९९५ ला त्या इमारतीचे उरलेले अवशेष सुरुंग लावून पाडले, तेव्हा भूवैज्ञानिकांनी फिरती यंत्रं लावून ठेवली होती. त्या नोंदींतही तसेच दोन गट आले. त्या दिवशी कुणी लपवलेला दुसरा बॉम्ब नव्हता.

खरोखरचे दोन धक्के कसे दिसतात, ते हिंगोलीला विचारा. २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा आणि ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६ चा. प्रत्येकाची प्राथमिक लहर वेगळी, दुय्यम लहर वेगळी.

शंका घेणं चूक नाही, भाच्यानं विचारलं ते बरंच केलं. पण किल्लारीनंतर "अमक्या तारखेला पुन्हा हलणार" अशा अफवांनी आपल्याकडं लोक थंडीत अंगणात झोपले, आणि तारीख सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की कुठल्या नोंदीवरून सांगतोस. भूकंपाची तारीख आधी सांगणारं यंत्र आजही जगात कुठंच नाही.

भाच्याला एक आडाखा दिला. पहिली किणकिण आणि मोठा हादरा यांमधले सेकंद मोजायचे, आठनं गुणायचे. जागा किती किलोमीटरवर आहे, ते ढोबळ कळतं. त्यानं लगेच विचारलं, "मग किल्लारीत किती सेकंद मिळाले असतील?"

एक-दोन. केंद्र त्यांच्या पायाखालीच होतं.