पंचांगातले गणित आणि पंचांगातले भाकीत

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेचे जूनचे पान पाहिले, तर अमावास्या किती वाजून किती मिनिटांनी संपते हे त्यावर छापलेले असते आणि त्याच पानावर मृग नक्षत्राचे वाहन कोणते व त्यामुळे पाऊस कसा पडेल हेही छापलेले असते. दोन्ही विधाने एकाच शाईतली, आणि दोन्हींमागे सूर्य-चंद्राच्या स्थितीचीच आकडेमोड आहे. त्यामुळे ‘पंचांगाची अमावास्या चुकत नाही, मग पाऊस कसा चुकेल?’ हा प्रश्न आमच्या गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची वाळत घालताना दर मे महिन्यात ऐकू येतो. प्रश्न भाबडा नाही, पण त्यात दोन वेगळ्या जातीची विधाने एका दावणीला बांधलेली आहेत.

आधी गणित पाहू. खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीच्या बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याची झडपांची वाट, असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावणीत, म्हणजे लिलावात, मानस घेऊन तिच्या तोंडाशी जाळे लावणाऱ्याला कोणत्या रात्री कधी जागायचे हे तिथीवरून कळते. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे पूर्ण भरती साडेसातच्या सुमारास. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेवढा फरक ज्याने त्याने आपल्या खाडीपुरता वजा करायचा.

हा आडाखा का चालतो, तेही सांगता येते. चांद्रमासात तिथी ३० असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पुढे सरकत सरकत बरोबर २४ तासांचा फेरा पुरा करते. म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपटीत ४५ धरली जातात, कारण होडीत बसून तोंडी हिशेब करणाऱ्याला पाऊणकीचा पाढा सोयीचा. चूक किती आणि कुठून येते हेसुद्धा ठाऊक असलेला हा आडाखा आहे, आणि मला त्याची खरी किंमत तिथेच वाटते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून त्या सुमारास, प्रत्यक्षात बहुधा एक-दोन दिवस उशिरा, उधाण येते. अष्टमीच्या आसपास दोन्ही ओढी काटकोनात असतात आणि भांगाची भरती येते. सूर्याची भरती-ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी असल्यामुळे भांगालाही पाणी चढते, पण बेताचे.

आता भाकीत. सूर्य नवीन नक्षत्रात शिरतो त्या क्षणी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला ९ ने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे: १ उरला तर घोडा, २ उरले तर कोल्हा, ३ उरले तर बेडूक, असे करत शून्य उरला तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. भागाकार अचूक असतो, यात वाद नाही. पण या आकडेमोडीत वारा कुठे आहे? अरबी समुद्राचे तापमान, हवेतली वाफ, सह्याद्रीला अडून वर चढणारे ढग, यांपैकी एकही गोष्ट तिच्यात शिरत नाही. म्हणूनच वास्कोला जे वाहन, तेच लातूरला; गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लातूर दुष्काळाने गांजलेले असते, तरीही. भरतीच्या गणितात तेच सूर्य-चंद्र येतात, परंतु तिथे त्यांचा पाण्याशी गुरुत्वाकर्षणाचा संबंध आहे. बाकीतल्या बेडकाचा पावसाशी तसा काही संबंध दाखवता येत नाही.

‘वेधशाळा तरी कुठे बरोबर सांगते?’ असे यावर हमखास विचारले जाते. वेधशाळा चुकते, हे खरेच आहे. हवेच्या आजच्या स्थितीतला बारीकसा फरक चार-आठ दिवसांत मोठा होतो, म्हणून दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या पावसाचा नेमका अंदाज कोणालाच देता येत नाही. मात्र ती चुकली हे आपल्याला कळते, आणि मुद्दा तिथेच आहे. हवामान विभाग ‘जोरदार पाऊस’ म्हणतो तेव्हा २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असा त्याचा अर्थ ठरलेला असतो, जिल्हा आणि तारीख दिलेली असते, आणि सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजले जाते. ‘वाहन म्हैस, पाऊस चांगला’ यात किती, कुठे, कोणत्या दिवशी, यांपैकी काहीच नसते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कोसळला आणि बार्देश तालुक्यात उघडीप राहिली, तरी म्हैस बरोबरच ठरते. आमच्या घरी एका वर्षी कोल्ह्यावर विसंबून सोलां, म्हणजे आमसुले, आठवडाभर जास्त उन्हात ठेवली होती. ती भिजली, तेव्हा शेजारच्या काकींनी ‘कोल्हा लबाडच असतो’ म्हणून वाहनाची बाजू सावरून घेतली.

मृगावर पेरणी करणारा शेतकरी मात्र या भाकिताच्या खात्यात टाकू नये. सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृगात येतो आणि गोव्यात मोसमी पाऊसही साधारण तेव्हाच लागतो. ही पिढ्यानपिढ्यांची नोंद आहे, वाहनाशी तिचे देणेघेणे नाही. अर्थात तीही कायमची नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७०-७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणजे हजार वर्षांत जवळजवळ पंधरवडा.

गणिताच्या बाजूला अशा चुका शोधून दुरुस्त करण्याची रीत आहे. आकाशातले ग्रहण आणि पंचांगातली वेळ जुळेना, तेव्हा जुनी मूल्ये बदलून शुद्ध पंचांगे निघाली. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. वाहनांचा कोष्टक मात्र कोणत्याही वर्षीच्या पावसाशी ताडून बदललेला माझ्या पाहण्यात नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी अमावास्या आहे आणि त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला ते खग्रास, तर गोव्यात दुपार उलटल्यावर खंडग्रास असेल. त्याच्या वेळा आजच मिनिटांत सांगता येतात. त्या सुमारास मांडवीला उधाण असेल, हेही आजच सांगता येते. मिरामारच्या वाळूत उभे राहिल्यावर त्या वेळी सूर्य दिसेल की ऑगस्टचे ढग आडवे येतील, हे मात्र जुलैअखेरीस उपग्रहाची चित्रे पाहूनच विचारावे लागेल.