३५१ विंडसर आणि ३५१ क्लीव्हलँड: आकडा एक, इंजिनं दोन

१९६९ ते १९७३ या काळातली फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला घेतली, की सुट्या भागांची यादी लगेच सुरू होते. गॅस्केटचा सेट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, प्लग. दुकानदार विचारतो, "इंजिन कोणतं?" आपण म्हणतो, "३५१." तो पुन्हा विचारतो, "विंडसर की क्लीव्हलँड?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खात्रीनं देता येत नसेल, तर खरेदी तिथेच थांबवावी आणि आधी बॉनेट उघडावं. एका इंजिनचा वॉटर पंप, इनटेक मॅनिफोल्ड किंवा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्याला बसत नाही. आणि जो एक भाग बसतो, तो बसून नुकसान करतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

गोंधळ होण्याला कारण आहे. दोन्ही व्ही-८. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) साडेतीन इंच. हिशेब केला तर क्षमता ३५१.८६ घनइंच, म्हणजे जवळपास ५.८ लिटर. खरं तर हा आकडा ३५२ म्हणायला हवा, पण ३५२ नावाचं वेगळंच इंजिन फोर्डकडे आधीपासून होतं. दोघांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) एक, १-३-७-२-६-५-४-८. मागची बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाची) भोकंसुद्धा सारखी, त्यामुळे एकाच गिअरबॉक्सला दोन्ही जोडता येतात. दोघांना कारखान्यातून रंगही तोच निळा. पण ही सख्खी भावंडं नव्हेत. एकाच आडनावाची, दोन वेगळ्या गावची माणसं आहेत.

इंजिनांची नावं कारखान्यांच्या गावांवरून पडली, आणि गावं तर खरोखरच वेगळी. विंडसर कॅनडातलं, ओंटारिओ प्रांतातलं, डेट्रॉइटच्या समोर नदीपलीकडे. मिशिगनमध्ये मोटारींच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ते घराजवळचंच. फोर्डच्या छोट्या व्ही-८ चं कुटुंब १९६२ पासून होतं: २२१, २६०, २८९, ३०२. याच ३०२ च्या ब्लॉकची उंची सव्वा इंचाहून थोडी जास्त वाढवून, त्यात लांब स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची चाल फिरतीत बदलणारा दांडा) घालून १९६९ च्या मॉडेलसाठी ३५१ विंडसर तयार झालं. म्हणजे जुनंच, विश्वासाचं इंजिन उंच केलेलं.

क्लीव्हलँड पुढच्याच वर्षी, १९७० च्या मॉडेलमध्ये आलं आणि ते कोऱ्या कागदावर आखलेलं होतं. कारखाना ओहायोत, क्लीव्हलँड शहराला लागून असलेल्या ब्रूक पार्कमध्ये. त्याची खरी ओळख हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागात, आहे. विंडसरचे व्हॉल्व्ह एका ओळीत सरळ उभे. क्लीव्हलँडचे तिरके, इनटेक एका बाजूला झुकलेला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या. असं तिरपं ठेवल्यामुळे मोठे व्हॉल्व्ह मावतात आणि हवेला सरळ वाट मिळते. चार बॅरलच्या (हवा ओढणाऱ्या चार नळ्यांच्या) कार्ब्युरेटरवाल्या क्लीव्हलँडचा इनटेक व्हॉल्व्ह २.१९ इंचांचा आहे, विंडसरचा १.८४. याच धर्तीची हेड फोर्डनं १९६९ च्या बॉस ३०२ मस्टँगवर आधीच वापरली होती, म्हणजे क्लीव्हलँड इंजिन शोरूममध्ये पोचायच्या आधी त्याची हेड विंडसर कुळातल्या ब्लॉकवर बसून शर्यतीत धावत होती.

कागदावर किती भरवसा ठेवावा

व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळखक्रमांकातलं) पाचवं अक्षर इंजिनचा कोड सांगतं. १९६९ च्या मस्टँगमध्ये ३५१ असेल तर ते विंडसरच, कारण क्लीव्हलँड तेव्हा आलेलंच नव्हतं. १९७० मध्ये एम असेल तर चार बॅरलचं क्लीव्हलँड. पण १९७० मध्येच एच असेल, म्हणजे दोन बॅरलचं ३५१, तर कागद काहीच ठरवत नाही: त्या वर्षी एच कोडखाली दोन्ही इंजिनं बसवली गेली. दोघांची जाहीर ताकदही एकच, २५० अश्वशक्ती. शिवाय गाडीला पन्नासहून जास्त वर्षं झाली आहेत. एवढ्या काळात मूळ इंजिन जाऊन दुसरं आलं असण्याची शक्यता नेहमी धरून चालावं. म्हणून कागद वाचावा, पण निर्णय इंजिन बघून घ्यावा.

बघायचं कसं? रेडिएटरचा वरचा होज आधी शोधा. तो आडवा जाऊन इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या तोंडाला मिळत असेल तर विंडसर. तो वरून खाली येऊन थेट ब्लॉकमध्ये उतरत असेल तर क्लीव्हलँड. विंडसरचं गरम पाणी इनटेक मॅनिफोल्डमधून बाहेर पडतं. क्लीव्हलँडचा मॅनिफोल्ड कोरडा असतो, त्यात पाण्याला वाटच नाही. एअर क्लीनर न काढताही हे दिसतं, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण आहे, कारण ती ब्लॉकच्या ओतकामातच आहे. ती कोणी बदलू शकत नाही.

दुसरी खूण टॅपेट कव्हरची: विंडसरला सहा बोल्ट, क्लीव्हलँडला आठ. तिसरी इंजिनच्या तोंडाशी. विंडसरवर टायमिंग चेन झाकणारं अ‍ॅल्युमिनियमचं वेगळं कव्हर असतं. क्लीव्हलँडमध्ये ब्लॉकच पुढे आलेला असतो, चेन त्याच्या पोटात बसते आणि वर फक्त पत्र्याची सपाट प्लेट. प्लगही वेगळे, त्या काळच्या विंडसरचे १८ मिलिमीटरचे आणि क्लीव्हलँडचे १४ मिलिमीटरचे. पण विंडसरवर पुढच्या काळातली हेड चढवली असतील तर प्लग फसवतात.

थर्मोस्टॅट

यावर जास्त लिहितो आहे, कारण क्लीव्हलँडवाल्या गाड्या "गरमच होतात" ही बदनामी बऱ्याच अंशी या एका स्वस्त भागामुळे झाली आहे.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. या आतल्या फेरीला बायपास म्हणतात. विंडसरमध्ये बायपास बाहेरून जातो, वॉटर पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या छोट्या होजमधून. क्लीव्हलँडमध्ये तो ब्लॉकच्या आत, थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली आहे. तिथे पितळेची एक चकती ठोकून बसवलेली असते आणि तिच्या मध्यभागी भोक असतं. क्लीव्हलँडच्या खास थर्मोस्टॅटला खालच्या बाजूनं टोपीसारखी नळी असते. पाणी गरम झालं की थर्मोस्टॅट वरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत ही नळी खाली सरकून चकतीतलं भोक बंद करते. आता सगळं पाणी रेडिएटरमधूनच जायला हवं.

विंडसरचा थर्मोस्टॅट त्याच खाचेत बिनतक्रार बसतो. उघडतोही. पण त्याला खालची नळी नाही, म्हणून चकतीतलं भोक उघडंच राहतं. मग गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून परत पंपात येतो. घराजवळ चक्कर मारताना हे कळत नाही. उन्हाळ्यात, महामार्गावर किंवा वाहनांच्या रांगेत काटा चढायला लागतो. मग मोठा रेडिएटर, नवा पंप, विजेचा पंखा असे एकेक बदल होत जातात आणि मूळ दोष जागेवरच राहतो. काही गाड्यांत आधीच्या कोणीतरी ती पितळी चकतीच उपटून टाकलेली असते. तिथे योग्य थर्मोस्टॅट घालूनही उपयोग नाही, आधी चकती परत बसवावी लागते. क्लीव्हलँड गाडी गरम होत असेल तर खर्चाच्या यादीत पहिलं नाव थर्मोस्टॅटचं असावं. हाउसिंगचे दोन बोल्ट काढले की चकती आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

इंजिन खोलल्यावर

विंडसरच्या क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ३ इंचांचे, क्लीव्हलँडचे २.७४९. त्यामुळे क्रँक आणि मेन बेअरिंग अदलाबदल होत नाहीत. जाड जर्नल मजबूत, पण वेगानं फिरताना घर्षण जास्त. शर्यतवाल्यांना क्लीव्हलँडचा लहान जर्नल आवडतो तो यासाठी. विंडसरचा ब्लॉक जवळपास ०.३ इंच उंच आहे, म्हणून त्याचा इनटेक मॅनिफोल्डही रुंद. क्लीव्हलँडचा डिस्ट्रिब्युटर विंडसरमध्ये जात नाही, मात्र फोर्डच्या मोठ्या ४२९ आणि ४६० इंजिनांचा क्लीव्हलँडला चालतो.

विंडसर बांधणाऱ्यानं एक सांभाळावं. हे इंजिन ३०२ चं भावंड असल्यामुळे अनेक जण ३०२ च्या माहितीवरून प्लगच्या वायरी जोडतात. त्या काळच्या ३०२ चा फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८ आहे. ३५१ वर तो लावला तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटफटतं, नीट धरतच नाही. उलट प्रकारही होतो: ३०२ चा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ३५१ विंडसरमध्ये बसतो, आणि तो घातला तर वायरी ३०२ च्या क्रमानं लावाव्या लागतात. आत कोणता कॅम आहे हे माहीत नसेल तर टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह कोणत्या क्रमानं उघडतात ते हातानं क्रँक फिरवून पाहावं.

क्लीव्हलँडच्या दोन उणिवा खऱ्या आहेत. पहिली तेलाची. ज्या वाटेनं टॅपेटना (कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांना) तेल मिळतं, तीच वाट मेन बेअरिंगनाही पुरवते. आरपीएम खूप वाढला की टॅपेटच्या आजूबाजूनं तेल गळतं आणि बेअरिंगला कमी पडतं. रविवारी सकाळी फिरवायच्या गाडीला यानं फारसा फरक पडत नाही. सतत सहा हजारांच्या वर पळवायचं असेल तर टॅपेटच्या भोकांना बुश मारणं किंवा तेलाच्या वाटा आवळणं ही कामं मशीन शॉपकडून करून घ्यावीत. दुसरी उणीव सिलिंडरच्या भिंतींची. त्या पातळ आहेत. बोअर ०.०३० इंच वाढवणं साधारणपणे खपून जातं, पण त्यापुढे जाण्याआधी, आणि शक्य असेल तर त्याआधीही, भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्रानं मोजून घ्यावी. पिस्टन आधी विकत घेऊन मग ब्लॉक बोअरला देऊ नये.

क्लीव्हलँडच्या हेडवर कोपऱ्यात ओतलेला २ किंवा ४ हा आकडा दिसतो. तो व्हॉल्व्हचा नाही, कार्ब्युरेटरच्या बॅरलचा. ४ वाल्या हेडला किंमत जास्त आणि मान जास्त, कारण १९७१ च्या ३३० अश्वशक्तीच्या बॉस ३५१ वर तसलीच हेड होती. पण त्यांचे पोर्ट इतके मोठे आहेत की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि गाडी सुस्त वाटते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि साधा मागचा अ‍ॅक्सल असलेल्या, घरच्यांना बसवून फिरवायच्या मस्टँगला २ वाली हेड जास्त शोभतात, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड १९७४ मध्ये संपलं, पण ऑस्ट्रेलियात फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यानं ते पुढेही चालू ठेवलं. तिथल्या ३०२ घनइंची क्लीव्हलँडच्या (विंडसर कुटुंबातलं ३०२ वेगळं) हेडमध्ये लहान पोर्ट आणि बंदिस्त ज्वलनकक्ष दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून ती हेड मागवून अमेरिकेतली माणसं आपल्या ३५१ वर चढवत आली आहेत. मेलबर्नकडच्या वाचकांना त्याच शहराजवळ ओतलेलं हे लोखंड जुन्या फोर्ड फाल्कनमध्ये अजून भेटेल. इटलीच्या दे तोमासो पँटेरा या स्पोर्ट्स कारमध्येही क्लीव्हलँडच होतं.

विंडसर मात्र १९९० च्या दशकापर्यंत फोर्डच्या पिकअपमध्ये बनत राहिलं. त्यामुळे त्याचे सुटे भाग मुबलक, स्वस्त आणि कुठल्याही गावात मिळणारे. दोन्ही ब्लॉकचं सिलिंडरांमधलं अंतर सारखं असल्यानं क्लीव्हलँडची हेड विंडसरच्या ब्लॉकवर बसवणारेही आहेत. या जोडीला क्लेव्हर म्हणतात. त्यासाठी पाण्याच्या वाटा बदलाव्या लागतात आणि खास मॅनिफोल्ड लागतो. पहिल्यांदाच इंजिन बांधणाऱ्यानं हा मार्ग धरू नये.

मग घरी काम करणाऱ्यानं कोणतं ठेवावं? गाडी ज्या इंजिनासह कारखान्यातून निघाली, आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर गाडीच्या व्हीआयएनशी जुळतो, ते इंजिन काढू नये. मग ते क्लीव्हलँड असलं आणि खर्च जास्त होणार असला तरी. तसा ब्लॉक एकदा भंगारात गेला की परत मिळत नाही. मूळ इंजिन आधीच गेलेलं असेल आणि गाडी चालवण्यासाठीच हवी असेल, तर विंडसर बसवावं.

असं इंजिन जुन्या बाजारात शोधताना तिसऱ्या ३५१ पासून सावध राहा. १९७५ ते १९८२ पर्यंत फोर्डनं ३५१एम नावाचं इंजिन बनवलं. वरचा होज ब्लॉकमध्ये उतरतो, टॅपेट कव्हरला आठ बोल्ट, म्हणजे वरवर पाहता क्लीव्हलँडच. पण त्याचा ब्लॉक क्लीव्हलँडहून इंचभर उंच आहे आणि बेल हाउसिंगची भोकं मोठ्या ४२९ आणि ४६० सारखी आहेत, तुमच्या मस्टँगच्या गिअरबॉक्सला न जुळणारी. विकत घेण्याआधी इंजिनच्या मागच्या बाजूला जाऊन ती भोकं गिअरबॉक्सच्या तोंडाशी ताडून पाहा.