श्रावणात कामठा जड का होतो?

मे महिन्यात शहाद्याच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी माझा कामठा, म्हणजे धनुष्य, ठेवला, तेव्हा तो ५२५ ग्रॅम भरला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तोच कामठा ५६५ ग्रॅम. मधल्या काळात त्याला पावसाचा थेंब लागला नव्हता. खोलीत खुंटीला टांगलेला होता, वर जवसाच्या तेलाचे तीन हात होते. तरी ४० ग्रॅम पाणी आत शिरलं, आणि दोरी उतरवल्यावर कामठा सरळ होईना.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते धडगावकडचे पावरा आदिवासी बाबा हसले. म्हणाले, "भिजला नाही रे तो, हवा प्यायलाय."

कामठा धामणीचा आहे. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. सातपुड्यात ते आढळतं. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच. संस्कृतात त्याला धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी नावं आहेत. पण झाड कुठलंही असो, लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. पाणी वाफेच्या रूपात हवेत असलं तरी ते ओढून घेतं. हवा कोरडी झाली की सोडून देतं. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत लाकडातला ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि झड लागली की १५ टक्क्यांच्या पुढेही चढू शकतो. धनुष्याला मानवतो तो ८ ते १० टक्क्यांचा. त्याहून कोरडं लाकूड ओढताना काडकन मोडतं. त्याहून ओलं लाकूड मोडत नाही, पण वाकून बसतं.

वाकूनच का बसतं, हे मला फार उशिरा कळलं. दोरी ओढली की कामठ्याची पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. ओलावा १ टक्क्याने वाढला की लाकडाची ताठरता साधारण २ टक्क्यांनीच कमी होते, पण दाब सोसण्याची ताकद ५ ते ६ टक्क्यांनी घटते. माझ्या कामठ्यात ओलावा ८ टक्क्यांनी वाढला होता, ५०० ग्रॅम कोरड्या लाकडामागे ४० ग्रॅम. म्हणजे पाठ बरीचशी शाबूत होती, आणि पोटाची ताकद मात्र तिसऱ्या हिश्श्याने गेली होती. पोटातले तंतू चिरडले, ते परत उभे राहिले नाहीत.

मग तेलाने केलं काय? जवसाचं तेल सुकतं, हे खरं. त्यातलं सुमारे निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि रेणू एकमेकांत गुंफून कातडी धरते. शेंगदाण्याचं किंवा मोहाच्या बियांचं तेल असं कधीच सुकत नाही, ते चिकट राहून धूळ धरतं. पण जवसाच्या त्या कातडीवरून पाण्याचे थेंब ओघळून गेले, की आपण फसतो. थेंब अडतो, वाफ अडत नाही. अमेरिकेत मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेने वेगवेगळे लेप लावलेली लाकडं दमट हवेत ठेवून पाहिली. दोन आठवड्यांनंतर जवसाच्या तेलाचा रोध जवळपास शून्यावर आला होता. लाखेचे तीन हात दिलेल्या लाकडाने मात्र सुमारे ४० टक्के वाफ अजून अडवून धरली होती. लाख म्हणजे पळसा-बोरीवर किडा करतो तीच. बाजारात मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की सुतारांचं पॉलिश तयार. मला हे जरा अपमानास्पदच वाटलं, कारण मी जवस मुद्दाम विदर्भातून आणवला होता.

(जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं, आणि गठ्ठ्यात कोंडलेली उष्णता आपोआप पेट घेऊ शकते. त्या एकेक पसरून वाळवाव्यात.)

लाखेचा दोष असा की ती ठिसूळ. कामठा वाकताना पाठ जवळजवळ १ टक्का लांबते, जाड थर तडकतो. म्हणून हात पातळ मारायचे, वर थोडं मेण. त्याआधी सुरीचे ओरखडे पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेनेच काढायचे, कारण पाठीवरचा आडवा ओरखडा म्हणजे चिरेला आयतं दारच. शेवटी ओलं फडकं फिरवायचं, उभे राहिलेले तंतू वाळले की पुन्हा घासायचं. टोकांना आणि दोरीच्या खाचांना दोन हात जास्त. तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, आणि त्या वाटेने ओलावा बाजूंपेक्षा कितीतरी पटीने वेगात शिरतो.

हे सगळं करूनही लेप फक्त उशीर लावतो. आठवड्याची झड तो निभावून नेतो, चार महिन्यांचा पावसाळा नाही. बाबांच्या कामठ्याला तर धड लेपही नाही, आणि तरी तो सरळ. तो आढ्याला, चुलीच्या वर अडकवलेला असतो. मी धुराला श्रेय देत होतो. गणित उष्णतेचं निघालं. २७ अंशांची ८५ टक्के दमट हवा तापून ३५ अंशांवर गेली, की पाणी तेवढंच राहून तिची सापेक्ष आर्द्रता ५४ टक्क्यांवर उतरते. अशा हवेत लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं.

माझ्या घरी गॅस आहे, आणि गॅसच्या ज्योतीतून उलट वाफच निघते. म्हणून मी पौषात, हवा ना ओली ना रखरखीत असताना, नव्या कामठ्याला लाखेचे हात दिले. जूनमध्ये तो कपाटात ठेवला आणि तळाशी झिरोचा बल्ब लावला. जुना, तारेचा, एलईडी पुरेसा तापत नाही. याचंही कोरडं लाकूड आधीच्याइतकंच, ५०० ग्रॅमचं आहे. यंदा पोळ्याला दुकानदाराने न विचारताच काटा पुढे सरकवला. ५४४.