भेरली माडाचं रोप मिळेल, रोयण अळमीचं बी मिळणार नाही

पावसाळा तोंडावर आला की आमच्या रोपवाटिकेत दोन चौकशा हमखास होतात: भेरली माडाचं रोप आहे का, आणि रोयण अळमीचं, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या रानअळंबीचं, बी मिळेल का? पहिलीला आमचं उत्तर हो, दुसरीला नाही. का, ते सांगतो.

मांडवाला बांधतात ती माशाच्या शेपटीसारख्या पात्यांची झावळी भेरली माडाची. तो बियांपासून येतो. बी रुजायला महिने लागतात, पण रोप काटक असतं. नेण्याआधी एवढं मात्र लक्षात घ्या, की हा माड फुलोऱ्यावर आला की त्याचा शेवट सुरू झाला. पहिली पोय, म्हणजे फुलांचा घोस, शेंड्याजवळ सुटते, मग तिच्याखाली दुसरी, अशा काही वर्षं खाली उतरत येतात. सगळ्यात खालचा घोस पिकला की झाड वाळतं, आणि बुंध्याला नवा कोंब फुटत नाही. म्हणून एकच रोप लावून थांबू नका. दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकेक लावत जा. पिकलेली लाल फळं उघड्या हाताने सोलू नका. गरातले सुईसारखे स्फटिक टोचून भयंकर खाज सुटते. शास्त्रीय नाव कॅरियोटा युरेन्स. त्यातला 'युरेन्स' म्हणजे आग करणारा. उदमांजर मात्र हीच फळं खातं आणि बिया रानभर पोचवतं.

अळमी ही झाड नव्हे, बुरशी. तिची शेती वाळवी करते. पाचोळा, वाळकं लाकूड चावून वाळवी वारुळात स्पंजासारखं पोळं रचते. बुरशी त्यावर वाढते, लाकूड पचण्याजोगं करते, आणि वाळवी ते खाते. पावसाने जमीन भिजली की पोळ्यातून छत्री वर येते. हलक्या हाताने माती उकरून पाहिलंत तर देठ निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत गेलेला दिसेल. धिंगरी अळंबी पेंढ्यावर पिशवीत येते, तशी ही येत नाही. रोयण अळमीचं स्पॉन, म्हणजे बी, म्हणून कुणी काही विकत असेल, तर कृपया पैसे घालवू नका.

तुमच्या आवारात ती उगवत असेल तर वारुळाला कुदळ लावू नका, औषध ओतू नका. थोड्या छत्र्या पूर्ण उमलू द्या. नवी वारुळं बाहेर पसरलेल्या बीजाणूंतूनच ही बुरशी उचलतात. आणि जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कुठलीही रानअळंबी शिजवू नका, विषारी अळंबीही पांढरीशुभ्र असते.

वारूळ पाडून माड लावायचं काम आम्ही घेत नाही. जागा थोडी सरकवा, तिथे खड्डा आम्ही खणून देऊ.